धुरातला सोडा

युनूस : भाभी, रातची शेकोटी नाही हे, चुनभट्टीचा धूर हाय! भाता मारून मारून खांदे गेले माहे. दोन डाव पाह्यलं, पिंपातल्या पाण्यात काही उतरत नाही. उद्या बाजाराले वणीवाला आपली सोड्याची मशीन विकत न्यायले येते. भाईजाननं त्याले जबान देल्ली.

खैरुनबी : त्यायनं देल्ली, मी नाही.

युनूस : मंग तेजाब आणू. धुण्याच्या सोड्यावर तेजाब टाकलं का गॅस तयार. पयले तसंच करत होतो ना आपण?

खैरुनबी : अन् त्याच तेजाबानं तुह्या भावाचे डोये नेले. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात भांडं फुटलं, तवापासून कारखान्याची पायरी नाही चढले ते. युनूस, माह्या दारात तेजाबाचा थेंब येनार नाही.

युनूस : नागपूरचं गॅसचं सिलेंडर तं कधी येते, कधी येत नाही.

खैरुनबी : म्हणून तं मारोतरावच्या भट्टीवर आलो. घनश्याम मास्तरनं काय सांगितलं? चुन्याचा दगड भाजला का शिशीत भरतो तेच गॅस निंगते. धुण्याच्या सोड्याचं पाणी ते धुरातून ओढून घेते. मंग पाणी उकळलं का सोडून देते.

युनूस : मास्तर सांगून मोकळा! थांब, पिंपाले हात लावून पाहू दे... अरे बाप! कढत हाय हे!

खैरुनबी : कढत?

युनूस : धूर भट्टीतून सरळ येऊन राह्यला ना! जे पाणी मागून उकळाचं, ते आपण आधीच तापवून बसलो. गॅस धरन कसं ते?

खैरुनबी : मंग धूर थंड कर. नळी हौदातून फिरव.

युनूस : एवढी नळी कुठं हाय?

खैरुनबी : तुह्या गॅरेजात ट्रकचे जुने पाइप पडले हायेत. जा, आण. भाता मी मारतो तवरोक.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, पांढरकवड्यात, सोड्याच्या कारखान्यात. पिंप बैलगाडीतून आणून चुलीवर चढवलं आहे. खैरुनबीचा नवरा बशीर भिंत चाचपत आत येतो.)

बशीर : खैरुन, चूल काहून पेटवली इथं? वणीवाला येतच असन.

खैरुनबी : तुम्ही पायरी चढले?

बशीर : वास आला म्हणून आलो. तेजाब तं नाही ना?

खैरुनबी : नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी हाय.

युनूस : भाईजान! नळीपाशी पेटती काडी नेली, लगेच विझली! अन् चुन्याची निवळी पाह्य भाभी, दुधासारखी झाली!

खैरुनबी : नाचू नको. गॅस साध्या पाण्यातून धुऊन घे, अन् मशीनले जोड.

बशीर : भट्टीच्या धुराचा सोडा कोण पिईन?

खैरुनबी : पयले तुम्ही. घ्या, शिशी धरा.

युनूस : कसा हाय, भाईजान?

बशीर : धुराचा वास येते जरासा.

खैरुनबी : अजून एक डाव धुऊ. वास गेल्याबिगर बाजारात नाही नेणार.

बशीर : पण शिशीतली गोटी गॅसानं घट्ट बसली होती, खैरुन. अंगठ्यानं दाबावं लागलं मले.

युनूस : वणीवाला आला. गाडी घेऊन दाराशी उभा हाय.

बशीर : त्याले एक शिशी पाज. अन् सांग, बशीर मशीन देत नाही. माफी मी मागतो त्याची.

खैरुनबी : अन् तुम्ही कुठं चाल्ले? तिकडं मशीन हाय, लागन.

बशीर : मशीनपाशीच चाल्लो. दांडा कोणत्या बाजूले हाय, तेवढं सांग मले.