बेंबीपर्यंत उतरलेली माळ

न्हाई, न्हाई, जीप बंद करू नका, पावणं — चालूच राहू द्या. काविळीची माळ घ्यायला आलात ना बाबांकडं? आईसाठी? कसं कळलं म्हणजे — आजींचं डोळं दिसत्यात की हळदीवानी. आमच्या सावळेरामदादाचं बी असंच झालं व्हतं. थोरला भाऊ माझा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवला. साठी उलटलेली, तरी भाताची खाचरं एकटा चिखलायचा.

माळ कशी, आधी टाळूवर ठेवायची, मग गळ्यात — अन् लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली म्हणायचं. दादाची बेंबीपर्यंत उतरली, राव! वहिनी हसली, मी दारात फटाकडी लावली — अन् आत दादा भिंतीला टेकून नुसता धापा टाकतोय. खोकला? व्हता की. ताप? लई न्हाई, अंग कोमट. म्हाताऱ्या माणसाला कुठं नीट चढतोय? आमी सारी माळेकडं बघत बसलो, छातीकडं कोण बघणार? मग नेला पुण्याला. सगळी तोंडाला फडकी बांधलेली — त्यो स्वाईन फ्लू आलाय ना, त्योच. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया हाय, छाती भरलीय. त्याचीच झळ लिव्हरला लागलीय, म्हणून डोळं पिवळं. वय झालेल्या माणसाला असं व्हतं म्हणं. दुखणं छातीत — अन् आमी पिवळ्यावर औषध शोधत व्हतो! परवा तेरावा झाला दादाचा.

दगड? असू द्या हातात. तुमच्यासाठी न्हाई त्यो. ह्यो बाबा सुपारीसुदिक घेत न्हाई कुणाकडनं, हात जोडून माळ देतो — मग मी राग कुणावर काढू, सांगा ना? सकाळधरनं बसलोय हितं, दार उघडायची वाट बघत.

आजी, नाव सांगा तुमचं. पुरं सांगा, गावासकट — मालकांचं न्हाई घेतलं तरी चालंल. हां... कोंडाबाई... थांबा, थांबा आजी, बोलू नका आता. ऐकलंत, भाऊ? नावातच दम तुटला. दादाला डॉक्टरनं हेच विचारलं व्हतं — त्याला ‘सावळेराम’ बी पुरं जमलं न्हाई.

दार वाजलं. बाबा, आत जा! ती माळ घिऊन बाहेर येऊ नका — आज माझा हात माझ्या ताब्यात न्हाई. आत जा म्हणतो ना!

अन् तुमी काय बघताय? हा बघा, टाकला दगड खाली. फिरवा जीप दवाखान्याकडं!