खोतांचा पलंग

तुम्हाला सांगतो, आईला घेऊन पावसला गेलो होतो. तिथल्या खोतांच्या जुन्या घराचं आता हॉटेल झालंय, तिथेच उतरलो. गाडीतून उतरताच आई सरळ मागच्या दाराकडे निघाली. मालक, म्हणजे खोतांचा नातू, धावत आला.

"काकू, पुढून या."

आई म्हणाली, "लहानपणी वडलांबरोबर इथे आंबे काढायला यायचे हो. आम्हाला हेच दार होतं."

मग तिची बॅग स्वतः उचलून त्याने तिला पुढच्या दाराने आजोबांच्या खोलीत नेलं.

सकाळी चहा देताना त्याने विचारलं, "झोप लागली ना?"

"कसली झोप? तुमच्या आजोबांच्या पलंगावर कंबर धरली माझी."

"त्यांचीही रोज धरायची."

आई हसली. "तरीच आमच्यावर एवढे खेकसायचे."