शुक्रवारचा चौथा तुकडा

हॅलो?… हो, स्टेक मसालावालेच. गदीजा बोलतेय… वालेकुम सलाम, मायमूना आंटी. पोचलं ना पार्सल? गरम होतं ना?

…काय झालं?

…तीन?… तीनच तुकडे निघाले?… अहो, असं कसं होईल. बारा वर्षं दर शुक्रवारी तुमच्याकडे गॅट्सबी जातोय. हातभर लांब पाव, आत स्टेक आणि तळलेल्या बटाट्याच्या चिप्स, चिप्सवर व्हिनेगर जास्त, चार तुकडे. चौघांचे चार… हो, हो, जुम्म्याच्या नमाजानंतर, माहितीये ना मला… सुरीवर नवीन माणूस आहे आंटी, त्यानं कापले असतील.

…माझाच हात?… आता पावावरून हात कसा ओळखलात तुम्ही… तिरका काप. हां. तिरका मीच कापते.

एक मिनिट हं आंटी, समोर गिऱ्हाईक आहे…

गदीजानं फोनवर तळहात दाबला आणि मागे वळली. तेलाच्या कढईमागे, कोल्ड्रिंकच्या उपड्या क्रेटवर, मायमूना आंटीचा मुलगा पायाशी बॅग घेऊन बसला होता.

“इल्यास, तुझी आई आहे… हात काय जोडतोस? तूच म्हणालास, आजपासून आमच्या घरचे तीनच काप, माझा तुकडा तिथं पडून राहायला नको. कापले. आता तिला काय सांगू, ते पण तूच सांग… नाही सांगत रे बाबा. शपथ घातलीयस ना, मग नाही सांगत. पण तुझी बंदराची बस सुटायला पाऊण तास आहे. तोवर मीच तळून निघू का?”

हां, बोला आंटी… नाही, ठेवला नव्हता फोन… दुसरा पाठवू? पैसे नकोत… नको?… तीन का केले तेवढंच सांग, म्हणताय. हां…

…रेनेल, दिसतेय मला रांग, येईल तुझा नंबर. तू ओरडलास म्हणून चिप्स लवकर तळून निघणार नाहीत… तुम्हाला नाही हो आंटी.

…इल्यास?… म्हणजे… दुकानात काय, सगळेच येतात… मंगळवारपासून घरी नाही?… असेल एखाद्या मित्राकडे… हो, भांडणाचं कानावर आलं. गॅरेज सोडून मासेमारीच्या बोटीवर जातो म्हणाला. आणि त्याचे अब्बा, आपले बूटा राशीद, म्हणाले, बोटीवर जायचं तर माझ्या टेबलावर जेवायचं नाही… अहो, बाप रागात बोलतो असं. आणि पोरगा तरी कुणावर गेलाय?

…आज?… इथं आला होता का?… आंटी, मला शपथ घालू नका. शुक्रवार आहे. एका दिवसात किती शपथा सांभाळू मी… काही नाही. असंच बोलले.

…ते टूं टूं कसलं वाजतंय?… बॅलन्स संपतोय? ठेवा, मी उलट लावते… नाही, खरंच की, या फोनवरून बाहेर लागत नाही. मालकानं कुलूप घातलंय. माझं काय, इथून कुठंच काही निघत नाही… बरं, लवकर बोला मग.

…कोणी? बूटा राशीदनं?… थांबा, थांबा. सावकाश. इथं तेलाचा आवाज आहे, मी मोठ्यानं म्हणते, बरोबर ऐकलं का सांगा… बूटा राशीदनं कागद उघडला… तीन तुकडे बघितले… उठले, सुरी आणली… तिन्ही तुकड्यांतलं थोडं थोडं… नाही?… फक्त स्वतःच्या तुकड्यातलं… अर्धं कापलं… चौथ्या ताटलीत ठेवलं… इल्यासच्या खुर्चीसमोर… वर दुसरी ताटली झाकली…

आणि?… कोणीच जेवत नाहीये… त्याची बहीण जहीरा पण नाही… बूटा राशीद दाराकडे तोंड करून बसलेत… पाणीसुद्धा घेत नाहीत.

…ऐकलं, आंटी. अगदी नीट ऐकलं.

गदीजाला मागे वळून बघायचा धीर होईना. बघितलं तर आपणच रडू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

…नका रडू… काय वाजलं? क्रेट पडला… नाही, कोणी नाही… अरे, बॅग. तुझी बॅग राहिली… बरं, असू दे. असू दे इथंच… तुम्हाला नाही, एक गिऱ्हाईक होतं.

…आंटी, एक काम करा. तो चौथा तुकडा तव्यावर टाका… का म्हणजे? गार झाला असेल… मी काही सांगितलेलं नाही हं. लक्षात ठेवा, मी एक शब्द बोललेले नाही… थांबा, दारातून बघू दे. रेनेल, बाजूला हो जरा, काच अडवू नकोस… थांबा हं… डावीकडे बसचा थांबा, उजवीकडे घराची गल्ली… उभाच आहे मेला…

…उजवीकडे वळला.

…कोण?… कोणी नाही, आंटी. तवा ठेवा. मी सांगते म्हणून ठेवा. आणि बूटा राशीदना म्हणावं, दार उघडंच… हॅलो?… आंटी?… हॅलो?

…संपला बॅलन्स.

हां रेनेल, बोल. किती जण आहात? तेवढे तुकडे करते.