दोघंच बसवा

गाडी-होड्यांच्या कचेरीत, मालकाचं नाव बदलायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक नवऱ्यामागे राहिलेलं हॉवरक्राफ्ट, हवेच्या झोतावर तरंगत जाणारं वाहन, विकत होती. दुसरी, खाडीपलीकडची नर्स, ते विकत घेत होती.

"खरं सांगा ताई, मशीनमध्ये खोट नाही ना?"

"नाही. चिखलावरून अलगद जातं. खालचा रबरी घेरही नवा लावलाय."

"मग झालं. ओहोटीला होडी रुतते, आणि बाळंतीण काय भरतीची वाट बघत बसेल?"

"बसणार कोण कोण?"

"मी, बाळंतीण, तिची आई."

"दोघंच बसवा."

"कागदावर तर तीन लिहिलंय!"

"कागद लिहिणारा कधी चिखलात उतरलाय? आम्हीही तिघंच होतो. हे, मी, लेक. मशीन मधेच चिखलात बसलं. भरती चढायला लागली, तसे हे उतरले. म्हणाले, तू चालव."

"मग?"

"वजन कमी झालं, लगेच उचललं. लेकीला काठावर ठेवून मी ह्यांना आणायला परत गेले, तर नुसतं पाणी."

नर्सने पेन खाली ठेवलं.

"नको असेल तर सही करू नका, बाई."

"करते. आईला घेणार नाही."

"रडेल ती. हात सोडणार नाही."

"रडू दे. काठावर उभी राहून रडू दे."