पाहुनीसाठी झाडलेलं जंगल

(मार्च २००२. एटापल्लीकडचं एक गाव. संस्थेची फरहत आणि वनसमितीचा म्हातारा अध्यक्ष मुखरू, मोहाच्या झाडांखाली.)

— पन मुखरूभाऊ, हे सारं काळं काऊन दिसून राह्यलं? कोनी जाळलं?

— कोनी काऊन? आमीच. साऱ्या गावानं.

— या अल्ला! तुमी?

— मदत देनारी बाहेरदेशची पाहुनी काम पाहाले येऊन राह्यली न बाई. घरी पाहुना येते त आंगन नाई झाडत का आपन? इथी पाचोळा ढोपरभर. तिच्या पायाखाली साप निंगला असता त? बायका खराट्यानं झाडत होत्या, पन दोन दिवसांत आटपत नव्हतं.

— अहो, पहिले मोहफुलं येचाले पाचोळा जाळत होते, पन पाच वर्सं आग नाई लावली तुमी! त्याच्याचसाठी त मदत भेटते आपल्याले. परवाच लिहून धाडलं मी, पाच वर्सांत काडी जळली नाई म्हनून.

— परवा त खरंच होतं ते.

— भाऊ, मस्करी नोका करू.

— मस्करी नाई व. चाळीस जन ओल्या डाहळ्या घेऊन उभे होते. एक रोपटं करपलं नाई. जाय, पाहून घे.

— दिसते मले. पन तिच्या कागदावर दोनच रकाने हायेत. आग लागली, नाई त नाई लागली. काऊन लावली, ते लिहाले जागाच नाई.

— मंग तोंडानं सांग.

— तोंडाचं कोन आयकते? कागद पहिले दिल्लीच्या मोठ्या संस्थेत जाते, मंग तिकडच्या सायबाकडे. थकली मी, भाऊ. इथलं तिकडच्या भाषेत लिहा, तिकडचं इथी समजावा. सात वर्सं हेच करून राह्यली.

— मदत बंद होईन?

— होऊ शकते. मदतीवर चालनारी बुधरीची अन् गावच्या बायांची रोपवाटिका पहिले बंद पडन.

— म्हंजे बारा बाया पुन्हा मिरची तोडाले आंध्रात.

— हो.

— कराले गेलो गनपती अन् झाला मारुती. बुधरीच साऱ्यात पुढं होती व, आग लावाले. म्हने, येवढी समुद्रापलीकडून येऊन राह्यली बिचारी.

— अन् पाहुनीले पहिले इथीच आनाचं हाय.

— नाल्याकडच्या वाटेनं नेऊ तिले. इकडे येऊच देऊ नोको.

— अन् पुढच्या साली? एकदा लपवलं का दरसाल लपवा लागन. नाई भाऊ. ती उतरली का मीच सांगीन.

— बुधरीले काय सांगू मी?

— तिलेबी खरंच सांगा लागन, भाऊ.

— धूळ उडाली, पाह्य. जीपच हाय.

— हो, तीच.

— सांगजो बाई. खरं तेच सांगजो. पन उतरल्या-उतरल्या नोको. बुधरीनं सकाळपासून तिच्यासाठी कोंबडा रांधून ठेवला हाय. पहिले तिले जेवू दे.