लुबनाचं लायसन्स आणि माझे कान

नाही नाही, मला एक सांगा, ट्रक चालवायला लायसन्स लागतं, समजलं, ट्रक माणसाच्या अंगावर जातो. हॉटेल चालवायला लागतं, तेही समजलं, मटण माणसाच्या पोटात जातं. पण दुसऱ्याच्या कानात टूं-टूं वाजवायला लायसन्स? आणि मागतात कोणाकडे, तर आमच्या सुनेकडे, लुबनाकडे, जी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बहिऱ्यांना ऐकायला आणि अडखळणाऱ्यांना बोलायला शिकवून आली! इथं आखातात, फहाहीलला उतरली, सलव्याच्या दवाखान्यात नोकरी ठरलेली, बॅगा पण सोडल्या नव्हत्या, मालक म्हणतो, "वेलकम, वेलकम! पण लायसन्स कुठाय?"

तुम्हाला सांगतो, मी उस्मान, राजापूरकडचा. तिसरीत मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, ते आता आठवत नाही. उभा जन्म इथं कंपनीच्या मेसमध्ये भाताचे टोप उपसले. हजारो माणसं जेवली, कोणी विचारलं नाही, उस्मान, लायसन्स कुठाय? मेलं पण कोणी नाही. म्हणजे... भातानं तरी नाही.

आणि हिचे हाल बघा! आधी डिग्रीवर शिक्के. कॉलेजचा शिक्का, मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा शिक्का, वर इथल्या खात्याचा शिक्का... शिक्क्यांखाली पोरीचं नाव सापडेना! मग अनुभवाचा दाखला. मग तो दाखला खरा आहे याचा दाखला. खिडकीवरचा माणूस चहा ढवळत म्हणतो, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. इथला उद्या कधी उजाडतो ते त्याला आणि त्याच्या चहाला ठाऊक. बरं, उजाडला, तर विचारतो काय? "सिस्टर, तू कानवाली की तोंडवाली?" ही म्हणाली, "दोन्ही. आमच्याकडे एकाच डिग्रीत दोन्ही शिकवतात." "दोन्ही नाही चालणार. कानाचं खातं वेगळं, तोंडाचं वेगळं. एक सांग!" अरे, माणसाच्या एकाच मुंडक्यावर आहेत ना दोन्ही? की मापात बसवायला आता मुंडकं पण कापता? शेवटी पोरीनं कान घेतला. तोंडाचं नंतर बघू म्हणाली. आमच्या घरात तोंडाचं दुकान तसंही माझ्याकडेच आहे.

तुम्ही हसताय, पण घरात हसू नव्हतं हं. सलव्याचा मालक किती थांबणार? त्यानं सांगून टाकलं, लायसन्सची परीक्षा पास झाली तर ठीक, नाहीतर मी दुसरी बघतो. मुंबईवाले तिला परत बोलवत होते. एका रात्री जेवताना म्हणाली, "अब्बा, नाही झालं तर मी जाते परत. घरी बसून शिकलेलं विसरायला होतंय." आमचा ओवैस, तिचा नवरा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एवढाल्या टाक्या सांभाळतो, पण ते ऐकून त्याच्या हातातली वाटी सांडली. नवरा इथं, बायको तिथं... हे मी केलंय. मी इथं आणि बायको, फखरुन्निसा, गावाला, असाच संसार झाला आमचा, आत्ता कुठं ती इथं आलीय. परत तो सिनेमा बघायचा नव्हता मला. पण मी आपला म्हणालो, "जा, जा, डाळ तरी तिखट होईल घरातली." असं बोललो की बरं असतं.

आता माझ्या कानाचं. मला कमी ऐकू येतं ही अफवा आहे. लोक हल्ली हळू बोलतात. टीव्हीवाले पण. मी तिला म्हटलं, घरात बसल्या बसल्या बघ बाई एकदा कानात, म्हणजे या बायकांची तोंडं बंद होतील. तर म्हणाली, "नको अब्बा, लायसन्स नाही." घ्या! सासऱ्याच्या कानात डोकवायला पण लायसन्स कुठाय?

आणि मग आली परीक्षा. लेखी पास झाली, आता हातानं करून दाखवायचं. आणि तपासायला माणूस तुमचा तुम्ही आणायचा! न्हाव्याच्या दुकानात कोणी डोकं घरून आणतं का? ओवैसची ड्यूटी. फखरुन्निसा म्हणाली, "मी नाही परक्यांसमोर कानावर वाट्या लावून बसणार." राहिलो मी.

एका पेटीत बसवलं मला. मेसची थंड खोली होती ना मटण टांगायची, अगदी तश्शी, फक्त मटण मी. कानावर वाट्या, हातात बटण, समोर काच. काचेपलीकडे लुबना मशीन घेऊन, आणि तिच्या डोक्यावर उभी एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, डॉक्टरीण, कपाळावर आठ्या, जशी जन्मापासून परीक्षाच घेतेय. मला म्हणते, "हज्जी! टूं-टूं... प्रेस! ओके?" मी म्हटलं, "ओके मॅडम!"

आता मला सांगा, मी काय समजणार? परीक्षा लुबनाची, माणूस तिचा. माणसाला ऐकू आलं तर मार्क, नाही आलं तर नापास. सरळ आहे ना? आणि इथल्या नोकरीत पहिली गोष्ट शिकलो ती हीच! मुदीर, म्हणजे मोठा साहेब, समोर आला, काय विचारतोय ते कळो ना कळो, "येस सर, ऑल गुड सर!" मान हलली पाहिजे. अशी मान हलवूनच म्हातारा झालो. तर मी काय केलं, काचेतून तिच्या बोटावर नजर ठेवली. तिचं बोट खाली, माझं बटण खाली. कानात काही वाजतंय की नाही हा विचारच नाही! टाक... टाक... टाक... मनात म्हणतोय, घे लुबना, घे मार्क!

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची फिरवली आणि पाठ केली हो माझ्याकडे! बोट दिसेना. आता? आता आपला अंदाज. भात शिजला की नाही ते झाकण न काढता ओळखणारा माणूस मी. टाक! थोडं थांबून टाक! मग दोन सलग, टाक टाक!

पेटीचं दार उघडलं. "अब्बा," ती म्हणाली, "मशीन मी मघाशीच बंद केलंय."

"असेल! मला आलं ऐकू!"

मिसरी बाई हसली नाही. तिनं लुबनाला इंग्रजीत काहीतरी विचारलं, "आता काय करशील?" असंच असणार. पोरीच्या कपाळावर घाम, त्या थंड पेटीत! मला वाटलं, संपलं, मीच बुडवली हिला. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, "अब्बा, ऐकू आलं तरच दाबा. नाही आलं तर तो तुमचा गुन्हा नाही. मला पास करायचंय ना? मग खोटं दाबू नका."

परत सुरू. या वेळी ती माझ्याकडे बघत होती, हात मशीनच्या आड. मी बसलो... बसलो... अहो, येईनाच काही! ती काहीतरी करतेय, तिचा खांदा हलतोय, आणि माझ्या कानात आपली भर दुपारची शांतता. बोट शिवशिवत होतं. दाबलं नाही. जन्मात पहिल्यांदा साहेब समोर उभा असताना मान हलवली नाही मी.

बाहेर आल्यावर मिसरी बाई तिला काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणे, "खरं बोलणारा पेशंट कोणीही तपासेल. असा लबाड हज्जी मुद्दाम शोधून आणलास का?" आणि केलं पास! मी बहिरा ठरलो आणि ती पास झाली, एकाच कागदावर! ओवैसनं पेढे वाटले. सासऱ्याच्या बहिरेपणाचे पेढे कुठं वाटतात हो?

बरं, म्हटलं आता तरी कानातलं मशीन बसवून दे बाई, लायसन्स आलं ना! तर म्हणते, "अब्बा, लायसन्स सलव्याच्या दवाखान्यापुरतं आहे. घरात नाही चालत. नंबर लावा." घ्या! लावला नंबर. गेलो. लवकर जाऊन पुढच्या खुर्चीत बसलो. आणि तुम्हाला सांगतो, कानाचा दवाखाना, सगळे बहिरे बसलेत, आणि नंबर पुकारतात कसा? तोंडानं! माझा पुकारला म्हणे, पुन्हा पुन्हा पुकारला. मी तिथंच होतो हो... शेजारच्या माणसाला हेच सगळं सांगत होतो, आणि तो आपला नुसती मान हलवत होता.