पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या

प्रोफेसर : ...आनुवंशिकतेवरची बंदी उठली, मला परत बोलावलं, वर्गात ‘जनुक’ हा शब्द उघड उच्चारता येतोय. सगळं खरं. पण माझ्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांचा वाणच गेला, आता नव्याने कुठून सुरुवात करू?

सून : त्यासाठीच घरी बोलावलं, सर. तुम्हाला काढलं त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या तुमच्या माश्यांच्या बाटल्या उकळत्या पाण्यात टाकायचा हुकूम मला मिळाला होता. मी रिकाम्या टाकल्या.

प्रोफेसर : आणि भरलेल्या?

सासूबाई : आमच्या स्वयंपाकघरात! मला वाटलं, सूनबाईंनी प्रयोगशाळेतून काहीतरी भेट आणली. उघडून बघते तर माश्या.

सून : दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

सासूबाई : मग राहवेना. विचारलं, काय आहे एवढं ह्यांच्यात? तर म्हणाली, आईच्या डोळ्यांचा रंग मुलाकडे कसा जातो ते ह्यांच्यावरून कळतं. एवढ्यावरून तुमची नोकरी घालवली?

प्रोफेसर : वरच्यांचं मत होतं, जन्माने काही येत नाही. हुकूम सोडला की गहूसुद्धा हवा तसा उगवतो.

सासूबाई : अहो, माझं नाक माझ्या मुलाला आलंय. हुकूम काढला म्हणून ते परत थोडंच जाणार?

सून : गेलं असतं तर चाललं असतं, आई.

सासूबाई : गप गं!

प्रोफेसर : पण झडती नाही झाली?

सून : झाली ना! दोघे आले. आई पुढे झाल्या.

सासूबाई : म्हटलं, साहेब, सून महाआळशी. केळी सडवते, माश्या होतात. माझं ऐकत नाही, तुम्हीच चार शब्द सांगा.

प्रोफेसर : मग?

सून : सांगितले की! घर स्वच्छ कसं ठेवावं, सासूचा मान कसा राखावा. मी मान खाली घालून ऐकत होते. हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं, तर त्यांना वाटलं, पश्चात्ताप झाला.

सासूबाई : जाताना मला म्हणाले, मुलगी मनाची चांगली आहे हो.

प्रोफेसर : आणि थंडीत? थंडीत कशा जगल्या?

सून : बाटल्या आईंच्या पांघरुणात. आई कूस बदलायच्या नाहीत रात्रभर. हे घ्या भिंग, सर. इकडे खिडकीशी या.

प्रोफेसर : पांढरे आहेत गं. सगळ्यांचे डोळे पांढरेच आहेत, एकही लाल नाही. माझाच वाण.

सासूबाई : बसा आधी. खुर्ची मागेच आहे.